कॉर्व्हेटखाली लावायचे जॅकिंग पक: चार प्रकार वापरले, एकच सेट ठेवला

माझ्याकडे २००८ ची कॉर्व्हेट आहे, शेवरोलेची स्पोर्ट्स कार, सहाव्या पिढीची, सी-सिक्स म्हणतात ती, सेकंडहँड घेतलेली, आणि आम्ही राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटपासून अर्ध्या तासावर. या गाडीखाली लावायला मी आत्तापर्यंत चार प्रकारचे जॅकिंग अडॅप्टर वापरले, म्हणजे जॅक आणि गाडी यांच्या मधे ठेवायचे गोल तुकडे, इथे त्यांना सगळे पकच म्हणतात, आणि त्यातले तीन बाद केले. एवढं सविस्तर लिहितोय कारण ऑनलाइन बघायला गेलं तर सगळे पक सारखेच दिसतात, काळे, गोल, चारचा सेट, भरपूर स्टार, फोटोत गाडी छान उचललेली. पण त्याच गाडीखाली उद्या तुम्ही पाठीवर झोपून ऑइलचा नट फिरवणार असता, त्यामुळे तो गोल तुकडा नेमका कशाच्या जोरावर जागेवर राहतो हे विकत घ्यायच्या आधी कळलेलं बरं.

सुरुवात झाली ती एका टायरच्या दुकानातून. मागचे दोन टायर बदलायचे होते, अपॉइंटमेंट घेतली, गाडी दिली आणि काचेतून बघत बसलो. तिथल्या पोराने लिफ्टचे हात गाडीखाली सरकवले, रबरी पॅड जिथे आले तिथे राहू दिले आणि बटण दाबलं. गाडी जेमतेम चार इंच वर गेली असेल तेवढ्यात भाजलेला पापड मोडावा तसा आवाज आला. मी धावत आत गेलो. दाराखालच्या फायबरच्या पट्टीला वीतभर तडा, आणि पॅड बरोबर त्याच्याखाली. दुकानवाले म्हणाले हा आधीपासूनच होता. मी आदल्याच दिवशी गाडी धुतली होती आणि त्या बाजूचा फोटो काढलेला होता म्हणून बसवणावळ तरी माफ झाली, पट्टीचा खर्च मात्र मीच केला. घरी येताना ठरवलं की यापुढे ही गाडी कुठे धरून उचलायची ते मला स्वतःला माहीत पाहिजे आणि त्यासाठी लागणारी वस्तू माझ्याकडे पाहिजे.

साध्या गाडीला दाराखाली पत्र्याची जाड शिवण असते, तिथे जॅक लावायची सगळ्यांना सवय असते. कॉर्व्हेटचं तसं नाही. १९५३ साली पहिल्या ३०० गाड्या इथेच मिशिगनमध्ये फ्लिंटला बनल्या तेव्हापासून तिचं बाहेरचं अंग फायबरचं आहे, म्हणजे आजकाल कंपोझिट म्हणतात पण चिरडायच्या बाबतीत फरक काही नाही. वजन पेलतात ते आतले दोन लांब रेल, डावा आणि उजवा, माझ्या गाडीत ते स्टीलचे आहेत, आतून पाण्याचा प्रचंड दाब देऊन अखंड नळीला आकार दिलेले, झेड-झिरो-सिक्सला, म्हणजे याच कॉर्व्हेटच्या जास्त ताकदीच्या मॉडेलला, हेच ॲल्युमिनियमचे असतात. या रेलच्या खालच्या अंगाला पुढच्या चाकाच्या मागे एक आणि मागच्या चाकाच्या पुढे एक असे दोन्ही बाजू मिळून चार लांबट स्लॉट आहेत, कॅप्सूलच्या गोळीच्या आकाराचे. कारखान्यातून गाडी ट्रकवर चढवली की ती बांधून ठेवायला हे स्लॉट वापरतात. आपण पक अडकवायचा तो याच स्लॉटमध्ये.

आणि गाडीसोबत जॅक येतच नाही बरं का. स्टेपनीही नाही. रनफ्लॅट टायर दिलेत, हवा गेली तरी काही अंतर चालतील, त्यामुळे कंपनीने धरूनच चाललंय की मालक रस्त्यात गाडी उचलणार नाही. म्हणून कॉर्व्हेट नवीन घेतलेल्या माणसाला बरेचदा हे स्लॉट आहेत हेच माहीत नसतं, मलाही नव्हतं.

आता पकांकडे येतो.

पहिला पक म्हणजे खरोखरचा आइस हॉकीचा पक. डेट्रॉइटला लोक हॉकीटाऊन म्हणतात, इथे खेळाच्या कुठल्याही दुकानात दोन-तीन डॉलरला मिळतो, ३ इंच व्यासाचा, १ इंच जाड, टणक रबराचा. रबर म्हणून तो उत्तम आहे, यात शंका नाही. हिशोब करून बघितला होता, माझी गाडी साधारण १,४५० किलो, एका बाजूला एकाच पकवर उचलली तर धरून चाला ७२५ किलो, पकचं क्षेत्रफळ ४५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १६ किलो, एवढं तो आरामात घेतो. त्यामुळे मी तो स्लॉटच्या शेजारी रेलखाली सपाट धरला, जॅक वर आणला, गाडी उचलली, काम झालं, उतरवली. खाली उतरल्यावर टॉर्च मारून बघितलं तर रेलवर दोन बोटं लांब काळा ओरखडा होता. पक सरकला होता, गाडी हवेत असताना सरकला होता, आणि मला वर उभं राहून काही कळलंही नव्हतं.

का सरकला हे शोधायला मी एक अख्खा शनिवार घालवला आणि मला वाटतं पक निवडताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. फ्लोअर जॅकचा हात सरळ वर जात नाही, तो कंपासपेटीतल्या कर्कटकासारखा गोलात फिरतो. खाली असताना त्याचा माथा लांब पुढे असतो, जसजसा वर जातो तसतसा तो दांड्याच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे येतो. वर नेईपर्यंत चार बोटं तरी येतोच. गाडी तर जागची हलत नाही, मग जॅकने स्वतःच्या लोखंडी चाकांवर तेवढं पुढे गाडीखाली सरकायला पाहिजे. म्हणून जॅकला चाकं असतात, नुसती ओढत न्यायला नाही. माझ्या ड्राइव्हवेच्या काँक्रीटमध्ये दोन लाद्यांच्या मधे जी फट असते त्यात जॅकचं पुढचं चाक अडकलं होतं. जॅक सरकेना, गाडी सरकेना, मग मधला जो कोणी सैल होता तो सरकला. त्या दिवसापासून मी गुळगुळीत फरशीवर गॅरेजच्या आतच उचलतो आणि आधी झाडू मारतो, शेंगदाण्याएवढा खडाही जॅकचं चाक थांबवतो.

म्हणजे पकने खालून वजन घ्यायचं आहेच, पण त्याहून अवघड काम म्हणजे आडवा रेटा आला तरी गाडीला धरून राहायचं. मटेरियल कुठलं यावर लोक पानंच्या पानं लिहितात. मला विचाराल तर पक गाडीला अडकतो कसा हे आधी बघा, मटेरियल नंतर.

दुसरा सेट थ्रीडी प्रिंट केलेला, ऑनलाइन एका छोट्या विक्रेत्याकडून. दिसायला सगळ्यात देखणा तोच होता, वर कॉर्व्हेटचे दोन झेंडे वगैरे कोरलेले, स्लॉटमध्ये शिरणारा भाग अगदी मापात. पहिल्या दोन वेळा काही झालं नाही. तिसऱ्या वेळी गाडी दोन-तीन इंच वर असताना टक्क करून आवाज आला, मी तसाच हळूहळू जॅक खाली सोडला, पक बाहेर काढला तर वरचा शिरणारा भाग अर्धा सुटून आलेला, चिरोट्याचे पदर सुटतात तसे थर वेगळे झालेले. थ्रीडी प्रिंट म्हणजे थरावर थर चिकटवलेले असतात, वरून दाबलं तर ते चांगले टिकतात पण आडवा रेटा आला की थरांच्या सांध्यातूनच फाटतात, आणि आपल्याकडे आडवा रेटा तर येतोच. शिवाय प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक सतत वजनाखाली ठेवलं की हळूहळू बसतं. नशिबाने चारही चाकं गाडीलाच होती, गाडीखाली कोणी नव्हतं. विक्रेत्याने न कुरकुरता पैसे परत दिले, माणूस चांगला होता, पण वस्तू या कामाची नाही आणि मी कोणालाच ती घ्या म्हणणार नाही, कितीही जाड भिंतीची प्रिंट केलेली असली तरी.

तिसरा, पॉलियुरेथेनचा, म्हणजे टणक रबरासारख्या प्लास्टिकचा. खाली जाड गोल चकती आणि वर स्लॉटमध्ये दाबून बसवायचा खुंट, त्याला ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी. हा वाईट नाही. वजन घेतो, रेलला ओरखडा नाही, आणि खुंट स्लॉटमध्ये असल्यामुळे सरकतही नाही. तक्रार एवढीच की तो फक्त घर्षणावर अडकून राहतो. ओ-रिंगला जरा तेल लागलं किंवा थंडीत ती कडक झाली की पक लोंबतो, कधी पडतोही. आणि पडतो तो नेमका कधी, तर गाडी जॅकस्टँडवरून, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या लोखंडी पायांवरून, उचलून परत खाली घ्यायची वेळ येते तेव्हा, स्टँड काढायला हात आत घातला की पक घरंगळत गाडीच्या मधोमध जातो आणि मग तो काढायला माणूस नको तिथे आत वाकतो. माझ्या बाबतीत दोनदा झालं. वर्षातून एकदा ऑइल बदलणाऱ्याला हा चालेल. मी वर्षाला आठ-दहा वेळा उचलतो, मला नको झाला.

चौथा ठेवला तो. अखंड ॲल्युमिनियम कातून काढलेला, वर इंग्रजी टी आकाराची किल्ली, ती स्लॉटच्या लांबीच्या दिशेने आत घालायची आणि पाव वळसा फिरवायचा की आडवी होऊन अडकते, कुलपातल्या चावीसारखी. खाली ओ-रिंग आहे ती फक्त खुळखुळू नये म्हणून. तळाला पॉलियुरेथेनची चकती स्क्रूने बसवलेली. चारचा सेट साधारण ऐंशी डॉलरला पडला. फिरवून बसवला की तो गाडीला लटकून राहतो, हात सोडा, खाली झोपा, चारही कोपरे निवांत बघा, सगळे पक सरळ आहेत ना, रेलला पूर्ण टेकलेत ना, आणि मगच जॅक जवळ आणा. हॉकीच्या पकमध्ये हे शक्यच नव्हतं, एका हाताने पक धरा, दुसऱ्या हाताने दांडा मारा आणि मान वाकडी करून आत बघा.

पण टी-किल्लीवाले सगळे सारखे नसतात. बाजारात याच चित्राचे कितीतरी सेट आहेत आणि मी घेण्यापूर्वी तीन मित्रांचे वेगवेगळे सेट कॅलिपर लावून मोजले, त्यातून जे कळलं ते सांगतो. किल्लीच्या खाली पकला जो खांदा असतो, म्हणजे रेलला टेकणारी सपाट कडा, ती स्लॉटच्या चारही बाजूंनी भरपूर बाहेर आली पाहिजे. वजन त्या खांद्यावर बसायला हवं, किल्ली फक्त लटकवायला आहे. एका सेटचा खांदा इतका निमुळता होता की गाडीचं वजन स्लॉटच्या कडांवरच येत होतं, आणि त्या मित्राच्या गाडीच्या स्लॉटच्या कडा आतल्या बाजूला किंचित वळलेल्या मला बोटाला लागल्या. रेल सरळ करून मिळत नाही, त्यामुळे इथे दहा डॉलर वाचवू नका.

दुसरं माप तुमच्या जॅकचं. जॅकच्या माथ्यावर जी वाटी असते तिला कडेला दाते असतात. पकचा तळ त्या दात्यांच्या आत बसला पाहिजे. पक वाटीपेक्षा रुंद असेल तर तो दात्यांच्या टोकांवर उभा राहतो आणि ॲल्युमिनियमच्या पकला मग चार बिंदूंवर सगळं वजन, तिथून घसरायला वेळ लागत नाही. वाटीत रबरी पॅड टाकलेला असेल तर ते पॅड धरून मापा. माझ्या जॅकची वाटी जरा लहान निघाली म्हणून मी अमुक एक पक आवडलेला असून घेतला नाही, हाच घेतला.

उंचीचं गणित जरा किचकट आहे. पक बुटका असेल तर जॅकचा हात किंवा स्टँडचा माथा दाराखालच्या फायबरला टेकतो, म्हणजे ज्यासाठी एवढं केलं तेच होतं. पक उंच असेल तर मुळात जॅकच खाली जात नाही, माझ्या गाडीला जमिनीपासून रेलपर्यंत पाच इंच आणि थोडं एवढीच जागा आहे, पक खाली सव्वा इंच येतो, उरले पावणेचारच्या आसपास, आणि माझा लो-प्रोफाइल जॅक तळाला साडेतीन इंच. जेमतेम शिरतो. टायरमध्ये हवा कमी असली की तेवढंही राहत नाही. त्याला उपाय सोपा, होम डेपोतून टू-बाय-टेनच्या फळ्या आणल्या, त्यांना टू म्हणत असले तरी त्या दीड इंचच जाड असतात, चारही चाकं त्या फळ्यांवर चढवायची, दीड इंच फुकट मिळतो. उंच पक घेऊन जागा भरायचा मोह टाळा, पक जितका उंच तितका तो आडव्या रेट्याला कलंडायला सोपा. रुंदीपेक्षा उंच असलेला कुठलाही अडॅप्टर मी गाडीखाली लावणार नाही.

आता सगळ्यांना पडणारा प्रश्न, मलाही पडला होता. पकखाली जॅक आहे, मग स्टँड कुठे लावू? स्लॉट चारच आहेत आणि ज्यावर स्टँड पाहिजे त्यावरच जॅक बसलाय. कॉर्व्हेटची चौकट ताठ असल्यामुळे यातून वाट निघते. पुढच्या पकला जॅक लावून उचललं की त्या बाजूचं मागचं चाकही हलकं होऊन वर येतं, तेव्हा मागच्या पकखाली स्टँड सरकवायचा. मग दुसऱ्या बाजूला तेच. एकदम पूर्ण उंची गाठायची नाही, आधी स्टँड सगळ्यात खालच्या खाचेवर, दोन्ही बाजू झाल्या की पुन्हा एक-एक खाच वर, म्हणजे गाडी फार कलत नाही. मागचा भाग दोन स्टँडवर बसला की पुढून मधोमध, इंजिनखालचा जो आडवा ॲल्युमिनियमचा क्रेडल, म्हणजे इंजिन पेलणारी चौकट, आहे तिथे लांब हाताचा जॅक घालून पुढचं उचलायचं आणि पुढच्या दोन पकखाली उरलेले स्टँड. मधे तो फायबरचा आडवा लीफ स्प्रिंग दिसतो, त्याला चुकूनही जॅक लावायचा नाही.

आणि हँडब्रेक! याचा विचार मी पहिल्यांदा केलाच नव्हता. हँडब्रेक मागच्या चाकांवर, गिअरही मागच्या चाकांवर, आणि मागची चाकं तर हवेत. म्हणजे त्या क्षणी गाडीला धरून ठेवणारं काहीच नाही, फक्त पुढच्या टायरचं रबर. त्यामुळे पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून व्हील चॉक, आपल्याकडे घाटात ट्रकच्या चाकाला दगड लावतात तसे, पहिला दांडा मारायच्या आधी. उतारावर हे काम करूच नका.

स्टँडही पकसारखाच नीट बघून घ्या. आपल्या सवयीचे जे स्टँड असतात त्यांचा माथा व्ही किंवा खोबणीचा असतो, ॲक्सल त्यात बसावा म्हणून. त्या खोबणीवर गोल सपाट पक म्हणजे दोन कडांवर ठेवलेली ताटली. सपाट गोल माथ्याचे, रबर पॅड असलेले स्टँड मिळतात, एस्कोचे तसे आहेत, माझ्याकडे तेच आहेत, महाग पडतात पण पक आणि स्टँड एकमेकांना पूर्ण टेकतात. २०२० मध्ये हार्बर फ्रेट या इथल्या स्वस्त हत्यारांच्या दुकानसाखळीने त्यांचे ३ टन आणि ६ टनचे स्टँड परत मागवले होते, त्यात दात्यांत अडकणारी खिट्टी वजन हलल्यावर सुटू शकते असं निघालं होतं आणि नंतर बदलून दिलेल्यांतलेही काही वेल्डिंगसाठी परत मागवावे लागले. तुमच्या गॅरेजमध्ये कोणाकडून आलेले जुने स्टँड पडले असतील तर त्यावरचा नंबर तपासा. आणि डब्यावरचं ३ टन हे बहुतेक वेळा जोडीचं असतं, एकाचं नाही, तेही वाचा.

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले होते साताऱ्याहून. आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये काम केलंय त्यांनी. मी चारही स्टँड लावून मोठ्या उत्साहाने त्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. त्यांनी आधी काही बोललंच नाही, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले, प्रत्येक पकवर बोट फिरवून बघितलं, एका पकच्या खांद्यात आणि रेलमध्ये नख घालून बघितलं. मग विचारलं, "चाकं काढलीस ती कुठायत?" म्हटलं भिंतीला लावून ठेवलीत. "अरे मग गाडीखाली सरकव की. आम्ही बसखाली लाकडी ठोकळे रचल्याशिवाय कोणाला आत जाऊ देत नव्हतो, साहेब असला तरी." मी आणि त्यांनी मिळून दोन-दोन चाकं एकावर एक आडवी करून दोन्ही रेलखाली सरकवली. मग ते म्हणाले, "आता जा." जाण्यापूर्वी मी दोन्ही हातांनी गाडीला कडेने जोरात ढकलून बघितलं, हेही त्यांचंच, हलायची असेल तर तू बाहेर असताना हलू दे. गाडी ढिम्म. पकही ढिम्म. तेव्हापासून चाकं भिंतीला लागलेली नाहीत.

ज्यांना बजेट आहे त्यांनी क्विकजॅक घ्यावा, दोन चपट्या फ्रेम गाडीखाली सरकवायच्या आणि हायड्रॉलिकवर चारही पक एकदम वर जातात, आडवा रेटा आणि कलणं वगैरे भानगड खूपच कमी होते. पण तिथेही पक लागतातच, फ्रेमवरच्या ठोकळ्यांवर काहीतरी रेलला टेकवायला पाहिजे. माझ्या गॅरेजात ती ठेवायला जागा नाही आणि सध्या तेवढे पैसेही त्यात घालायचे नाहीत.

पक गाडीला कायम लावून ठेवावेत का, हे मला दोघा-तिघांनी विचारलं. नको. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, डेट्रॉइटच्या पोटात तर मिठाची अख्खी खाण आहे, आणि मी गाडी नोव्हेंबर ते एप्रिल बाहेर काढत नसलो तरी एप्रिलच्या पहिल्या पावसात ते सगळं खालून उडतंच. स्टीलच्या स्लॉटमध्ये ॲल्युमिनियम आणि मधे खारं पाणी, की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पक चिकटून बसतो, एकाचा मी हातोडीने सोडवताना पाहिलाय. वर गाडी एवढी बुटकी की स्पीडब्रेकरला पहिला पकच लागेल. काम झालं की पाव वळसा फिरवा, काढा, स्लॉटवरून फडकं फिरवा.

दुसऱ्या गाड्यांचं थोडक्यात सांगतो कारण पुण्याच्या मित्राने माझे फोटो बघून त्याच्या मस्टँगसाठी हाच सेट मागवू का म्हणून विचारलं. अजिबात नाही. मस्टँगला, माझ्दाच्या मियाटाला दाराखाली पत्र्याची शिवण असते, तिथे खाच पाडलेला रबरी किंवा युरेथेनचा ठोकळा लागतो, खाच शिवणीपेक्षा खोल आहे ना ते बघायचं आणि मॅन्युअलमध्ये जिथे खूण दिलीये तिथेच लावायचा, दोन बोटं मागेपुढे झालं की शिवण दुमडते आणि तिथून गंज धरतो. आपल्याकडे रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचा बाटली जॅक थेट त्या शिवणीला लागतो तेव्हाही हेच होतं, त्यामुळे असा एक ठोकळा साध्या गाडीच्या डिकीतही असावा असं मला मनापासून वाटतं. पोर्शच्या बॉक्स्टर-केमनला गोल वाटीसारखी जागा आणि मधे भोक असतं, त्यात गोल खुंटाचा पक जातो. प्रत्येक गाडीचं कुलूप वेगळं आहे, सगळ्या स्पोर्ट्स कारना चालतो असं लिहिलेला पक दिसला तर तो कशालाच धड अडकत नाही असं समजा.

माझा सेट आता चौथ्या वर्षात आहे. ॲल्युमिनियमवर काळा रंग होता तो खांद्यावरून घासून गेलाय, युरेथेनच्या चकत्यांवर जॅकच्या वाटीचा गोल ठसा उठलाय पण चीर एकही नाही. चारही पक आणि चार स्लॉट कुठे आहेत त्याचा प्रिंट काढलेला फोटो एका पिशवीत मागे डिकीत असतो. टायरच्या दुकानात, आता दुसऱ्या, गाडी देताना मी स्वतः वाकून पक लावून देतो आणि ज्याच्या हातात गाडी जाणार त्याला तो फोटो दाखवतो, नट टॉर्क रेंचनेच १०० फूट-पाउंडला घट्ट करा हेही सांगतो. अजून एकदाही कोणी वैतागलं नाही, उलट मागच्या वेळी तिथल्या मेकॅनिकने पक हातात घेऊन फिरवून बघितला आणि कुठून घेतला विचारलं, त्याच्या ओळखीत दोन कॉर्व्हेटवाले आहेत म्हणाला.

बदलावं लागलं ते एवढंच, दोन ओ-रिंग थंडीने तडकल्या होत्या. विक्रेता चारचं पाकीट वेगळं विकतो पण ते घेऊ नका, हार्डवेअरच्या दुकानात नळाच्या सामानात सुटी मिळते, जुनी सोबत घेऊन जा म्हणजे माप चुकत नाही.